हॉबी मोटरच्या वायरी बदलणं आणि सोल्डर करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या आमच्या घरापासून लॅमिंग्टन रोड पायी पंधरा मिनिटांवर. त्यामुळे असेल, पण कुणाच्या ड्रोनची, कुणाच्या रोबोची, कुणाच्या पोराच्या गाडीची मोटर "काका, एवढी वायर लावून द्या ना" म्हणत माझ्या टेबलावर येते. डिसेंबरात पवईला आयआयटीचा टेकफेस्ट जवळ आला की कॉलेजची मुलं रात्री साडेदहालाही बेल वाजवतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

मोटरची वायर तुटली. थोडी कापून नवीन जोडली की झालं ना?

आधी कटर खाली ठेवा. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेल्या, ड्रोनला असते तशा) मोटरमधून ज्या तीन वायरी बाहेर येतात त्या दोन जातींच्या असतात, आणि तुमची कुठल्या जातीची आहे हे बघितल्याशिवाय काहीही कापायचं नाही.

पहिल्या जातीत वाइंडिंगची, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेली तांब्याची, तार आतच, स्टेटरच्या (न फिरणाऱ्या लोखंडी गाभ्याच्या) कडेला संपते आणि तिथे मऊ सिलिकॉनची वायर सोल्डर केलेली असते. ही वायर वाटेल तिथे कापा, सोला, जोडा. दुसऱ्या जातीत वेगळी वायर नसतेच. वाइंडिंगचीच तांब्याची तार, अनेक तंतूंचा जुडगा करून, वरून स्लीव्ह चढवून बाहेर काढलेली असते. दिसायला ती वायरसारखीच दिसते. पण आतला प्रत्येक तंतू इनॅमलने, म्हणजे वार्निशसारख्या पातळ थराने, मढवलेला असतो, आणि हे इनॅमल वीजही अडवतं आणि सोल्डरही. कारखान्यात फक्त शेवटच्या सेंटीमीटरभर टोकाचं इनॅमल उतरवून त्यावर कथील चढवलेलं असतं. तुम्ही "जरा आखूड करू" म्हणून कापता, तेव्हा नेमकं तेच तयार टोक कचऱ्यात जातं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. एका मित्राच्या मॉडेल विमानाची २२१२ मापाची मोटर होती. वायरी लोंबत होत्या म्हणून मी तिन्ही चार-चार सेंटीमीटर कापल्या, बुलेट कनेक्टर (एकमेकांत खुपसायची गोल टोकं) लावले, सोल्डर असं चकचकीत बसलं की मीच खूश. बॅटरी लावली तर मोटर नुसती थरथरली. कनेक्टर परत उतरवले तेव्हा दिसलं की सोल्डर जुडग्यावर टोपीसारखं बसलंय, आतल्या तंतूंना शिवलेलंसुद्धा नाही.

कुठल्या जातीची आहे हे कसं ओळखायचं?

टोकाजवळचं स्लीव्ह ब्लेडने हळूच अर्धा सेंटीमीटर मागे सारा. आत केसासारखे बारीक पुष्कळ तंतू दिसले आणि ते चंदेरी किंवा गुलाबीसर तांब्याचे असले, तर साधी वायर. मोजके, जाड, तपकिरी-लालसर आणि वार्निश मारल्यासारखे चमकणारे तंतू असले, तर वाइंडिंग. शंका असेल तर मल्टिमीटर बीपवर (वाट सलग असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा, एक टोक त्याच मोटरच्या दुसऱ्या वायरच्या कनेक्टरला लावा आणि दुसरं या उघड्या तंतूच्या कुशीला हलकेच टेकवा. साधी वायर बीप देते. इनॅमलवाला तंतू गप्प बसतो, आणि तिथेच सुईने ओरखडा काढलात की बोलायला लागतो.

हाताने वाकवूनही कळतं. सिलिकॉनची वायर दोरीसारखी पडते, वाइंडिंगचा जुडगा वाकवाल तिथे वाकून राहतो.

वायर मोटरच्या अगदी मुळाशी तुटली आहे. आता?

मोटर उघडावी लागेल. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक छोटी क्लिप असते, किंवा ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू, किंवा मागून एक बारीक स्क्रू. क्लिप काढताना मोटर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरा. ती क्लिप टणकन उडते आणि चाळीच्या लाकडी जमिनीच्या फटीत गेली की परत येत नाही. खालच्या पातळ वॉशरी कुठल्या क्रमाने होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वरची बेल, म्हणजे मॅग्नेटची वाटी, ओढून बाजूला करा आणि कामाच्या जागेपासून हातभर लांब, उलटी, कागदावर ठेवा. त्यातले निओडिमियम मॅग्नेट आसपासचा प्रत्येक लोखंडी कण गोळा करतात. टिप पुसायला स्टीलचा काथ्या वापरत असाल तर तो त्या टेबलावर नकोच. एक तुकडा मॅग्नेटला चिकटला की फिरताना स्टेटर खरवडतो. पितळेचा काथ्या चालतो, तो मॅग्नेटला चिकटत नाही. शिवाय साध्या दर्जाचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर गेले की शक्ती गमावू लागतात, आणि सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर असतो.

मग स्टेटर बघा. पहिल्या जातीची मोटर असेल तर जुना सोल्डरचा जोड दिसेल, तो वितळवून नवीन वायर तिथेच लावायची. त्याआधी तिन्ही जोडांचा फोटो. दुसऱ्या जातीची असेल आणि वाइंडिंगचा जुडगा मुळापासून सहा-सात मिलिमीटर तरी शिल्लक असेल, तर काम होतं. त्याहून कमी असेल तर त्या फेजचा (तीन वायरींपैकी त्या एकीच्या वाइंडिंगचा) एक वेढा सोडवून लांबी मिळवणारे लोक आहेत. स्टेटरच्या एका दातावरचा एक वेढा कमी झाल्याने लहान मोटर फिरायची थांबत नाही, पण फेज थोडी असमान होते. मी हे एकदाच केलंय आणि ती मोटर उडणाऱ्या वस्तूत लावू दिली नाही.

इनॅमल काढायचं कसं? आयर्नने जळत नाही का?

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इनॅमल वेगवेगळ्या प्रकारचं असतं. पॉलियुरेथेनचं इनॅमल साधारण ३९० अंशांच्या सोल्डरमध्ये आपोआप विरघळतं. रेडिओच्या बारीक कॉइलना ते असतं, आणि "आयर्न धरा, जळून जाईल" हा सल्ला तिथून आलेला आहे. हॉबी मोटरमध्ये मात्र बहुतेक वेळा जास्त उष्णता सोसणारं इनॅमल असतं. ते आयर्नला दाद देत नाही. तुम्ही आयर्न धरून बसता, इनॅमल तसंच राहतं आणि उष्णता तांब्यातून आत वाइंडिंगपर्यंत जाते.

म्हणून खरवडायचं. जुडग्याचा पीळ उलगडा आणि तंतू फुलाच्या पाकळ्यांसारखे वेगळे करा. एकेक तंतू सपाट लाकडावर ठेवून ब्लेड आडवं धरून, कापायच्या नव्हे तर खरवडायच्या कोनात, टोकाकडे ओढा. तंतू पाव-पाव फिरवत चारी बाजूंनी. शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्याच्या घडीत तंतू धरायचा आणि ओढायचा. इनॅमल असेपर्यंत रंग गडद तपकिरी असतो; गेलं की एकदम फिकट, गुलाबी, नवीन पैशासारखं तांबं दिसतं. मधे कुठे तपकिरी पट्टा राहिला असेल तर तो राहिलाच आहे, "सोल्डर करताना जाईल" असं होत नाही. ब्लेडची खाच मात्र पडू देऊ नका. खाचेवरच तंतू पुढे मोडतो.

लायटरने जाळणारेही असतात. जळतं, पण तांब्यावर काळी पुटं चढतात, ती परत घासावीच लागतात, आणि धूर वाईट. मग पहिल्यापासूनच घासलेलं काय वाईट?

आणि ही पायरी कुणीच करत नाही, म्हणून ठळकपणे सांगतो: तंतू परत पिळण्याआधी एकेक तंतू मल्टिमीटरवर तपासा. मीटरचं एक टोक दुसऱ्या फेजच्या वायरला, दुसरं टोक पाळीपाळीने प्रत्येक तंतूला. आठांपैकी सातच बोलले तर आठवा नीट खरवडलेला नाही किंवा आत कुठे तुटलाय. एकदा सगळे एकत्र पिळून सोल्डर केले की सात आणि आठमधला फरक साधा मीटर सांगू शकत नाही. मोटर फिरते, फक्त एक फेज जास्त तापते आणि तुम्ही महिनाभर ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) शिव्या घालत बसता.

आयर्न कुठला घेऊ? माझ्याकडे २५ वॉटचा आहे.

२५ वॉटचा साधा आयर्न, सोल्ड्रॉनचा वगैरे, २० गेजपर्यंतच्या वायरीला पुरतो (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), १८ ला कसाबसा. त्यापुढची जाड वायर किंवा ३.५ मिलिमीटरचे बुलेट कनेक्टर असतील तर ६० वॉटचा घ्या, तापमान ठरवता येणारा, आणि टिप चपटी, छिन्नीसारखी. टोकदार टिप चित्रात छान दिसते, पण वायरीला टेकते एका बिंदूवर, त्यातून उष्णता उतरत नाही.

लोकांना वाटतं कमी वॉटचा आयर्न म्हणजे मोटर सुरक्षित. उलट आहे. दुबळा आयर्न वीस सेकंद धरावा लागतो आणि तेवढ्या वेळात उष्णता इन्सुलेशन वितळवत आत पोहोचते. ताकदीचा आयर्न तीन सेकंदांत काम उरकतो.

सोल्डर ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) मिळालं तर उत्तम. ते बरोबर १८३ अंशांवर वितळतं आणि तिथेच गोठतं. ६०/४० गोठताना काही अंश लापशीसारखं राहतं, तेवढ्यात हात हलला की जोड भुरभुरीत होतो. शिसं नसलेलं सोल्डर २१७ च्या आसपास वितळायला लागतं, आयर्न जास्त तापवावा लागतो; जमत असेल तर वापरा, शिकताना नको. आयर्न ३५० ते ३८० वर ठेवा.

फ्लक्स लावायचाच का? सोल्डरच्या आत असतो म्हणतात.

असतो, पण जाड वायरीला पुरत नाही. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवतोय? भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा आणि मग कथील फडक्याने असं पसरायचा की पातेलं आरशासारखं. ती चिमूट म्हणजे फ्लक्स. धातूवरचा ऑक्साइडचा थर हटला की कथील धरतं, नाही तर गोळी होऊन घरंगळतं. वायरीवर कथील चढवणं म्हणजे छोटीशी कल्हईच.

फरक एवढाच की नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचा आम्लवाला फ्लक्स मोटरला चुकूनही लावायचा नाही. भांडं धुता येतं; वायरीच्या तंतूंत शिरलेलं आम्ल धुता येत नाही, ते आतून तांबं खात राहतं. रोझिनचा, म्हणजे राळेचा फ्लक्स घ्या. डबीवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं लिहिलेलं असावं.

जोड प्रत्यक्ष कसा मारायचा?

पंखा बंद करा. मुंबईत हे सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात, पण छताचा पंखा जोड थंड करतो, तुम्ही आयर्न जास्त वेळ धरता, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. खिडकी उघडी ठेवा.

हीट श्रिंकचा (तापवल्यावर आक्रसून बसणाऱ्या नळीचा) तुकडा वायरीत ओवा आणि लांब सरकवून ठेवा. दोन्ही वायरी आठ-दहा मिलिमीटर सोला. दोन्ही टोकांवर वेगवेगळं कथील चढवा: फ्लक्सचं बोट, आयर्न खालून, सोल्डर वरून. सोल्डर आयर्नवर नाही, वायरीवर टेकवायचं. वायर पुरेशी तापली की ते स्वतःहून तंतूंत शोषलं जातं, वातीत तेल चढतं तसं. तंतूंची ठेवण वरून दिसत राहिली पाहिजे. गोळा दिसायला लागला तर जास्त झालं.

आता दोन्ही टोकं शेजारी शेजारी, पूर्ण लांबीभर एकमेकांवर ठेवा. कपड्याचे दोन लाकडी चिमटे पाटावर फेव्हिकॉलने चिकटवलेत की तिसरा हात तयार. आयर्नवर सोल्डरचा एक बारीक थेंब घ्या आणि जोडाच्या खाली टेकवा. एक, दोन, आणि वरचं सोल्डर एकदम पाण्यासारखं चमकून दोन्ही वायरींच्या मधल्या दरीत उतरतं. तो क्षण दिसला की आयर्न काढा आणि मनात पाच म्हणेपर्यंत हात हलवू नका. फुंकरही नाही.

झालेला जोड बाजूने बघा. कडा वायरीत विरघळल्यासारख्या उतरत्या हव्यात. कडेला फुगवटा असेल, पावसाचा थेंब तेलकट काचेवर बसतो तसा, तर तो धरलेला नाही. जाड आणि ताण येणाऱ्या वायरीसाठी कथील न चढवता तंतू एकमेकांत खुपसून, वेढे देऊन मग सोल्डर करणं जास्त मजबूत. ब्रशलेसच्या छोट्या वायरीला शेजारी-शेजारीचा जोड पुरतो.

आणखी एक. सोल्डर इन्सुलेशनच्या आत खोल चढू देऊ नका. जिथपर्यंत ते चढतं तिथपर्यंत वायर तारेसारखी ताठ होते, आणि मोटरच्या कंपनाने ती बरोबर त्या सीमेवर मोडते. श्रिंक म्हणूनच जोडाच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर पुढे गेली पाहिजे.

श्रिंक ओवायला विसरलो.

सगळेच विसरतात. जोड परत उघडा. इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नका, मोटरच्या गरमीने त्याचा डिंक सुटतो आणि दुसऱ्या दिवशी टेप प्रॉपेलरला चिकटलेला सापडतो.

सोल्डर धरतच नाही, गोळ्या होतात. वायर तर नवीच आहे.

ब्लेडने एक तंतू खरवडून बघा. तीन शक्यता.

तांबं काळपट असेल तर ते गंजलंय. समुद्राकाठच्या घरात, त्यात पावसाळ्यात, वर्षभर पडून राहिलेल्या वायरीचं टोक हमखास काळं पडतं आणि ओल इन्सुलेशनच्या आत बोटभर चढते. पाच-सात सेंटीमीटर मागे कापून परत सोला. तिथेही काळं निघालं तर वायर फेका. शिल्लक रिळं मी झिपच्या पिशवीत, औषधाच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो.

वरून तांबूस आणि खरवडल्यावर आत पांढरं निघालं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. हातात घेतली तरी हलकी लागते. परत करा. उलट, वरून चंदेरी आणि आत लाल निघाली तर ती कथील चढवलेल्या तांब्याची, म्हणजे सगळ्यात चांगली.

तिसरी शक्यता म्हणजे ती वायर नाहीच, वाइंडिंग आहे. पहिल्या प्रश्नाकडे जा.

कुठल्या जाडीची वायर घ्यायची?

मूळ वायरीइतकी किंवा एक पायरी जाड. एवढा नियम पुरे. अंदाजासाठी: २२१२ सारखी, दहा-बारा अँपिअर ओढणारी मोटर असेल तर १८ गेज, म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर. १६ गेज १.३१ आणि १४ गेज २.०८ चौरस मिलिमीटर भरते. १८ गेजच्या वीस सेंटीमीटर वायरीचा रोध साधारण ४ मिलिओहम. बारा अँपिअरला त्यात ०.०५ व्होल्ट जातात. म्हणजे फार काटेकोर होण्याची गरज नाही.

दुकानात मात्र एक गोंधळ होतो. हॉबीवाले "गेज" म्हणतात ते अमेरिकन. पंख्याची मोटर भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे "गेज" म्हणजे ब्रिटिश एसडब्ल्यूजी. अमेरिकन १८ ची तार १.०२ मिलिमीटर व्यासाची, ब्रिटिश १८ ची १.२२. त्यामुळे आकडा बोलण्यापेक्षा जुना तुकडा खिशात घेऊन जा.

इन्सुलेशन सिलिकॉनचंच हवं. ते २०० अंशांपर्यंत टिकतं. साधं पीव्हीसी सोल्डर करतानाच मागे आक्रसतं आणि तांबं उघडं पडतं. मला एकदा एका दुकानात "प्युअर सिलिकॉन" म्हणून दिलेली वायर घरी येऊन आयर्न टेकवताच मेणबत्तीसारखी वितळली. तेव्हापासून दुकानातच तुकडा मागून, बाहेर येऊन लायटर लावतो. सिलिकॉन वितळून ठिबकत नाही, जळलं तर पांढरी राख सोडतं.

तीन वायरींत कुठली कुठे जोडायची?

ब्रशलेसला कशीही. उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा. रंगाला अर्थ नाही.

वायरी लांब करायच्या आहेत. मोटरकडच्या की बॅटरीकडच्या?

मोटर आणि ईएससीच्या मधल्या तीन. बॅटरी आणि ईएससीच्या मधल्या दोन वायरी लांबवल्या की ईएससी दर क्षणी प्रवाह तोडते तेव्हा त्या लांबीमुळे व्होल्टेजचे झटके उठतात आणि ईएससीचे कपॅसिटर मरतात. तिकडे लांबवणं टळत नसेल तर ईएससीजवळ लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर आणखी लावावे लागतात. मोटरकडच्या तिन्ही वायरी सारख्या लांबीच्या ठेवा, आणि रिसिव्हरच्या अँटेनापासून दूर न्या.

बुलेट कनेक्टर लावताना हात भाजतो आणि सोल्डर बाहेर सांडतं.

लाकडाच्या जाड तुकड्यात कनेक्टरच्या मापाचं भोक पाडा आणि तो त्यात उभा खुपसा. लोखंडी व्हाइसमध्ये धरू नका, सगळी उष्णता तोच पितो. वाटी अर्धी भरेल एवढंच सोल्डर आत वितळवा, बाहेरून आयर्न लावून ते पातळ ठेवा, आणि कथील चढवलेली वायर सरळ आत बुडवा. वाटीच्या बाहेर ओघळ आला असेल तर तो पूर्ण घासून काढा, नाहीतर समोरचा कनेक्टर अडकून बसतो. मोटरकडे नर आणि ईएससीकडे मादी अशी रीत आहे: बॅटरी ज्या बाजूला, तिथलं टोक झाकलेलं असावं.

पिवळ्या बीओ (खेळण्यातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरची पत्रीच तुटून आली!

शाळेच्या प्रोजेक्टमधला हा सर्वांत मोठा अपघात. त्या मोटरच्या मागे तांब्याच्या दोन कागदासारख्या पत्र्या असतात, दोनतीनदा वाकल्या की मोडतात. पूर्ण मुळातून मोडली नसेल तर उरलेला टवका पॉलिश पेपरने घासून त्यावर वायर लावता येते. दोन सेकंदांच्या वर आयर्न धरायचा नाही, कारण पत्री ज्या प्लास्टिकमध्ये रुतलेली आहे ते वितळलं की आतला ब्रश जागा सोडतो. मोटर मग नुसती घरघरते. मुळातून गेली असेल तर नवी मोटर घ्या.

नव्या मोटरला वायर लावली की लगेच पाठीमागे हॉट ग्लूचा एक ठिपका टाकून वायर अंगाला चिकटवा. ओढ ग्लूवर येते, पत्रीवर नाही.

ब्रशच्या मोटरीने रिमोटला खरखर येत असेल तर दोन्ही टोकांच्या मधे ०.१ मायक्रोफॅरडचा, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, सिरॅमिक कपॅसिटर लावा. तरीही राहिली तर प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या डब्याला एकेक. डब्यावर आधी पॉलिश पेपर मारा, त्याशिवाय सोल्डर धरणार नाही.

बोटाच्या पेराएवढ्या कोरलेस मोटरची वायर तुटली तर?

टोकाला थोडी शिल्लक असेल तर जोडा. मागच्या टोपणातून उपटून आली असेल तर सोडून द्या. बदली आणताना दिशा बघून आणा: सहसा लाल-निळ्या वायरीची घड्याळाच्या दिशेने आणि काळ्या-पांढऱ्या वायरीची उलट फिरते.

जोड झाला. आता बॅटरी लावू?

अजून नाही. मीटर बीपवर ठेवून आधी प्रत्येक वायर आणि स्टेटरचं लोखंड यांच्यात बघा. इथे बीप यायलाच नको. आला तर खरवडताना कुठेतरी तंतूचं इनॅमल जास्त मागपर्यंत गेलंय आणि तो लोखंडाला टेकतोय. वायरींच्या आपसात मात्र तिन्ही जोड्यांत बीप हवा. ओहम मोजण्याच्या नादी लागू नका, फेजचा रोध बहुधा ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो आणि मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त. सप्लायवर एक अँपिअर ठरवता येत असेल तर तो पाळीपाळीने तिन्ही जोड्यांतून सोडा आणि व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

सप्लाय नसेल तर बोटं आहेतच. तिन्ही वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट फिरवा, मॅग्नेटच्या नेहमीच्या टक-टक खाचा लागतील. आता दोन वायरी एकमेकींना टेकवून फिरवा. मोटर जड होते, मधात चमचा फिरवल्यासारखी, थोडी हिसके देत. तिन्ही जोड्या अशा करून बघा. दोन जोड्या हलक्या आणि एकच जड लागली, तर दोन्ही हलक्या जोड्यांत जी वायर समान आहे तिचा जोड गेला. सगळ्या वायरी मोकळ्या असतानाही मोटर जड लागत असेल तर आत वाइंडिंग शॉर्ट आहे.

यानंतर बॅटरी, तीही थेट नाही. बॅटरीच्या एका वायरीत गाडीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मालिकेत लावा. तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला तो बरोबर बसतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझतो, आणि मोटर हळू फिरते. बल्ब लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तुमची ईएससी वाचली. प्रॉपेलर काढलेला असू द्या. घरातल्या घरात प्रॉपेलरने बोट कापून घेतलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत. दोघांचंही म्हणणं, "फक्त एकदा बघत होतो".

मोटर थरथरते पण फिरत नाही.

एक फेज लागलेली नाही. लगेच बंद करा. तशीच थ्रॉटल देत राहिलात तर ईएससी जाते. वरची बोटांची चाचणी करून कुठली ते शोधा.

शिशाचा धूर नाकात जातो का?

या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा, पण तोही निरुपद्रवी नाही. सवयीने घेतला तर दमा होऊ शकतो, आणि असलेल्याचा वाढतो. तोंड जोडाच्या बरोबर वर नको, थोडं बाजूला. शिसं पोटात जातं ते हाताने. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, आणि सोल्डरची तार दातात धरायची तर अजिबात नाही. रांगतं मूल घरात असेल तर जमिनीवर पडलेले सोल्डरचे मणी ओल्या फडक्याने टिपून घ्या, झाडू नका.

सामान कुठून आणू?

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड जवळच. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी टॅक्सीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत कुणीही तसं म्हणत नाही. रविवारी बहुतेक दुकानांची शटर खाली असतात, तेव्हा वसई-कल्याणहून यायचं असेल तर शनिवारी या. सिलिकॉन वायर मीटरच्या मापाने मिळते. लाल, काळी आणि पिवळी अर्धा-अर्धा मीटर पुरते. श्रिंक दोन-तीन मापांची, एक रोझिन फ्लक्स, एक छोटं ६३/३७ चं रीळ. भारी आयर्न उधार मिळत असेल तर पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका.

त्यापेक्षा मोटर पूर्ण रीवाइंड करून द्याल का?

नाही. बारा दात आणि चौदा मॅग्नेटची छोटी मोटर भरायला मला एक पूर्ण रविवार लागतो आणि तरी वेढे कारखान्याइतके घट्ट बसत नाहीत. वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल तर नवी घ्या. जुनी मात्र टाकू नका, माझ्याकडे आणून द्या. तिच्या बेअरिंगा, शाफ्ट आणि ती उडणारी क्लिप कुणाच्या तरी उपयोगी पडते. क्लिप तर हमखास.